सोन्याच्या तीन धमन्या

आमच्या घराण्यात अभिमान बाळगावा असं फारसं काही घडलेलं नाही. कुणी मोठ्या पदावर गेलं नाही, कुणी तुरुंगातही गेलं नाही. त्यामुळे माझ्या धाकट्या भावाच्या डाव्या किडनीला तीन धमन्या आहेत असं जेव्हा जाहीर झालं, तेव्हा ती बातमी नातेवाइकांनी हातोहात उचलली. साधारण माणसाच्या एका किडनीला एक धमनी असते. आमच्या सोन्याला तीन. आत्या तर म्हणाली, "लहानपणापासून त्याचं सगळं जरा जास्तच होतं."

सोन्या हे आईनं लाडानं ठेवलेलं नाव. सोन्या आता पन्नाशीला आलाय, डोक्यावर केस राखीव कोट्यातले आहेत, विमा कंपनीत तो साहेब आहे. पण घरात सोन्याच. मी त्याचा दादा, पाणीपुरवठा खात्यात इंजिनियर. निम्म्या शहराला पाणी पोचवण्यात माझी हयात गेली, आणि त्याच काळात माझ्या पोटातली गाळणी बंद पडत चाललीय याचा मला पत्ताही लागला नाही. किडन्यांची ही खोडच असते. त्या कधी तक्रार करत नाहीत. एक दिवस थेट राजीनामा देतात.

त्यांनी तो दिला तेव्हा डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. एक म्हणजे डायलिसिस, दिवसाआड यंत्राला जोडून घ्यायचं आणि रक्त धुऊन आणायचं. दुसरा म्हणजे कुणाची तरी किडनी. बायकोला साखरेचा त्रास, म्हणून ती बाद. आई-वडील गेलेले. आम्हाला मूलबाळ नाही. उरला सोन्या. मी त्याला विचारलं नव्हतं. शेजाऱ्याकडे शिडी मागायची तरी मी घरात येरझाऱ्या घालतो; किडनी कशी मागतात हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पण मागावी लागलीच नाही. सोन्या आपणहून घरी आला, सोफ्यावर बसला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "दादा, माझ्याकडे दोन आहेत. एक तुझी."

माझी बायको स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी जागच्या जागी रडलो. सोन्याची बायकोही रडली, पण तिच्या रडण्याचा सूर आमच्याशी जुळत नव्हता, हे मला आता आठवतं.

मग तपासण्या झाल्या. रक्तगट जुळला, पुढचं सगळंही जुळत गेलं. शेवटी रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून शिरेत औषध सोडून सोन्याचा सीटी काढला, आणि काही दिवसांनी प्रत्यारोपणाच्या मोठ्या डॉक्टरांनी मला आत बोलावलं. "तुमच्या भावाची किडनी घेता येणार नाही," ते म्हणाले. "वैद्यकीय कारण आहे."

"काय कारण?"

"ती त्यांची माहिती आहे. आम्हाला एवढंच सांगता येतं."

बाहेर आलो तर सोन्या पॅसेजमध्ये भिंतीला कपाळ टेकवून उभा होता. "दादा, तीन निघाल्या रे," तो म्हणाला. "डाव्या किडनीला तीन धमन्या. जोडता येत नाहीत म्हणतात, आणि उजवी सहसा घेतच नाहीत." आणि माझ्या गळ्यात पडून तो असा रडला की जाणाऱ्या-येणाऱ्यांना किडन्या त्याच्याच गेल्यात असं वाटावं. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो. म्हणालो, "अरे वेड्या, तुझी काय चूक? देवानं तुला जास्त दिलं यात तुझी काय चूक?" डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं. माझ्या बाटलीत माझं दिवसाचं पाणी होतं. ते मी त्याला पाजलं.

त्या दिवसापासून सोन्याचं आयुष्य बदललं. माझंही बदललं, पण माझ्या बदलात कुणाला रस नव्हता. किडनी देणाऱ्याला लोक मान देतात, हे ठीकच आहे. पण देऊ न शकलेल्याला त्याहून जास्त देतात, हे मी सोन्यामुळे शिकलो. देणाऱ्याच्या पोटावर निदान व्रण असतो, त्याला जड उचलता येत नाही, वर्षाकाठी तपासायला जावं लागतं. सोन्याकडे नुसतं मन होतं, आणि ते कुठेही नेता येत होतं. कंपनीच्या मेळाव्यात त्याला अवयवदानावर बोलायला बोलावलं. तिथे तो म्हणाला, "मी द्यायला निघालो होतो, पण माझ्या शरीरानंच मला अडवलं," आणि लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मीही उभा राहिलो. डायलिसिस करून आलो होतो, त्यामुळे खुर्चीची पाठ धरून.

कुणी पाहुणा आला की विषय निघायचाच. "तीन म्हणजे नेमकं काय हो?" असं पाहुणा विचारायचा आणि सोन्या खाली बघायचा. स्वतःच्या मोठेपणाबद्दल बोलायला तो लाजतो असं समजून मीच पुढे व्हायचो. विषय पाइपांचा होता आणि मी त्यातला माणूस. बायको पेन आणून द्यायची आणि मी हाताला लागेल त्या कागदावर चित्र काढायचो. ही मुख्य लाइन. ही किडनी. आता इथे एक जोडणी असती तर काम सोपं. पण इथे तीन बारीक जोडण्या आहेत. एकीचा जरी दाब पडला तरी तेवढा भाग कोरडा पडणार. लोक माना डोलवायचे. सोन्याही डोलवायचा. पाणीखात्यात मी इतकी वर्षं काढली, पण माझं म्हणणं इतक्या लक्ष देऊन तिथे कुणी ऐकलं नाही.

माझं चाललं होतं ते डायलिसिसवर. त्यासाठी हातातली एक शीर आणि एक धमनी एकमेकींना जोडून ठेवतात. त्याला फिस्टुला म्हणतात. शीर फुगून दोरखंडासारखी होते, आणि तिच्यावर बोट ठेवलं की आत सतत घरघर लागते. रोज सकाळी उठून मी आधी ती घरघर तपासतो. पूर्वी पंपहाउसवर जाऊन मोटरीचा आवाज ऐकायचो तसा. घरघर मंदावली की समजायचं, आत कुठेतरी वाट अरुंद झालीय, आणि मग फुगेवाल्याकडे जायचं.

फुगेवाला हे आम्ही पेशंटांनी ठेवलेलं नाव. हे डॉक्टर म्हणजे रक्तवाहिन्यांची चित्रं बघत बघत इलाज करणारे. सुईच्या भोकातून बारीक तार आत सोडतात, पडद्यावर बघत अडलेल्या जागी नेतात, तिच्यावरून एक इवलासा फुगा नेऊन फुगवतात, वाट मोकळी करतात आणि वर पट्टी लावून घरी पाठवतात. टाका नाही, भूल नाही. ते हे सगळं शिशाचा एप्रन घालून करतात आणि त्यांची खंत एकच, की आपण कोण हे कुणाला कळत नाही. "एक्स-रेवाले ना तुम्ही?" असं कुणी म्हटलं की ते "हो, तेच," म्हणतात आणि एप्रनचा बंद उगाच आवळतात. मला ते आवडायचे. मी त्यांना पाइपांबद्दल प्रश्न विचारायचो म्हणून मीही त्यांना आवडायचो. टेबलावर आडव्या माणसालाही ते पडदा फिरवून दाखवायचे, "बघा, बघा! कशी धावतेय बघा!"

पण गेल्या खेपेला ते पडदा न फिरवता बोलले. "उजव्या हातातला फिस्टुला आपला आधीच गेलाय. हा डावाही आता फुग्याला दाद देईनासा झालाय. मी ढकलतोय, जमेल तोवर ढकलीन. पण साहेब, किडनीचं काहीतरी बघा."

"यादीत नाव आहे माझं."

"यादी लांब आहे. घरातलं कुणी नाही?"

"भाऊ आहे," मी म्हणालो. "पण त्याच्या तीन धमन्या आहेत."

"तीन?" ते म्हणाले. "तीनही जोडतात हो काही जण, चांगला सर्जन असला तर. एकदा चित्र दाखवा मला."

हे मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "तो काय सर्जन आहे का? मोठ्या डॉक्टरांनी नाही म्हटलंय ना, मग झालं." मला वाटलं, हिला उगाच नवी आशा नको आहे. बरोबरच होतं ते, एका अर्थी.

पुढे सोन्याचं ब्लडप्रेशर चढलं. एका गोळीनं उतरेना म्हणून दोन झाल्या, मग तीन. तरी आकडा हटेना. त्याच्या डॉक्टरांना शंका आली की किडनीकडे जाणारी धमनी तर अरुंद झालेली नाही ना. तसं असलं की किडनीला वाटतं, सगळ्या अंगातच दाब कमी आहे, आणि ती बोंब मारून दाब वाढवत राहते. पुन्हा सीटी काढायचा ठरला. मी म्हटलं, आपला फुगेवाला आहे की! त्याच्याकडेच काढू, तोच इलाजही करेल.

"दुसरीकडे दाखवा ना भावजींना," बायको म्हणाली. "ओळखीच्या माणसाकडे संकोच होतो."

"संकोच कसला? त्याला काय पोटातलं गुपित दिसणारेय?"

सोन्याही आढेवेढे घेत होता. कंपनीचं पॅनल वेगळं आहे, गाडी तिकडे लावायला जागा नसते, वगैरे. पण एका सकाळी त्याला घेरी आली, त्याची बायको घाबरली, तिनं मला फोन केला, आणि मी त्याला थेट फुगेवाल्याच्या टेबलावर नेऊन झोपवला.

सीटी झाला. सोन्या बाहेर कपडे बदलत होता. फुगेवाल्यांनी मला त्यांच्या अंधाऱ्या खोलीत बोलावलं, तिथे दोन मोठे पडदे असतात आणि डॉक्टरांचा चहा नेहमी गार झालेला असतो. पडद्यावर सोन्याच्या आतलं चित्र फिरत होतं. मधे मुख्य धमनी, जाडजूड, आणि तिच्यातून दोन्ही बाजूंना फुटलेली एकेक फांदी.

"बघा, बघा!" फुगेवाले खुशीत म्हणाले. "डावीकडे एक, उजवीकडे एक. विद्यार्थ्यांना दाखवायला ठेवावी अशी रचना. उजवी इथे आवळलीय, दिसतंय? तेवढी मोकळी करू, काम सोपं आहे."

मी डावीकडे बघत होतो. पाइप मोजणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. तरी मी पुन्हा मोजलं. एकला पुन्हा मोजता येत नाही, तरी मोजलं.

"डॉक्टर," मी विचारलं, "धमन्या वयाप्रमाणे कमी होतात का?"

"म्हणजे?"

"म्हणजे तीनाची एक होते का कधी?"

"छे! जन्माला येताना जितक्या, तितक्याच." ते हसत होते. मग त्यांचं हसू हळूहळू आवरलं गेलं. मी त्यांना काय सांगितलं होतं ते त्यांना आठवलं असावं. त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. तो स्वच्छ होता.

माझ्या डोक्यात त्या क्षणी राग नव्हता. लाज वाटते सांगायला, पण आनंद होता. एकच धमनी! म्हणजे डावी किडनी देता येते. म्हणजे काहीतरी चूक झाली होती, कुणाचं तरी चित्र कुणाला तरी लागलं होतं, आणि आता ती सुधारता येईल. "डावी तर चांगली आहे ना?" मी विचारलं.

"चांगली आहे," फुगेवाले म्हणाले. मग खाली बघून म्हणाले, "पण आता ती त्यांनाच लागणार. उजवीचा भरवसा नाही, दाब वाढलेला, धमन्या कडक व्हायला लागल्यात. यांची किडनी आता कुणीही घेणार नाही."

"आणि तेव्हा?"

"तेव्हाचं मी कसं सांगू?" ते म्हणाले, आणि पडदा बंद केला. माझ्यासमोर त्यांनी पडदा बंद केल्याची ती पहिलीच वेळ.

बाहेर सोन्या शर्टाची बटणं लावत होता. "काय म्हणाले?"

"आवळलीय म्हणाले. फुगा घालतील."

"बाकी काही?"

"बाकी काही नाही," मी म्हणालो. त्यानं सुटकेचा निःश्वास टाकला आणि मला गाडीतून घरी सोडलं. वाटेत म्हणाला, "दादा, तू आहेस म्हणून धीर आहे."

मी बायकोला काही सांगितलं नाही. सोन्यावर तिचा फार जीव. तिला हे सोसणार नाही असं मला वाटलं. रोज तिच्यासमोर जेवायला बसायचो आणि तोंड सांभाळायचो. ती विचारायची, "भावजींचं काय म्हणाले डॉक्टर, अजून काही?" मी म्हणायचो, "काही विशेष नाही." आम्ही दोघं एकमेकांची इतकी काळजी घेत होतो की घरात बोलण्याजोगं काही उरलंच नाही.

सोन्याच्या फुग्याचा दिवस आला. त्याच दिवशी दुपारी, त्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर माझं डायलिसिस होतं. किडनीकडे जायची तार मांडीच्या सांध्यातून घालतात. काम झटपट झालं, आवळलेल्या जागी जाळीची नळी बसली, सोन्याला वॉर्डात आणून पाठीवर झोपवलं. खरी शिक्षा पुढे असते. तार काढल्यावर त्या जागेतून रक्त उसळू नये म्हणून संध्याकाळपर्यंत तो पाय वाकवायचा नाही, उठायचं नाही, मानसुद्धा वर उचलायची नाही. जवळ एकाच माणसाला बसू देतात. सोन्याची बायको चेहरा पांढराफटक करून खाली कँटीनमध्ये बसली होती, म्हणून मी बसलो.

सोन्याला मी जन्मापासून ओळखतो. अडचणीचं बोलणं निघालं की तो उठतो. फोन येतो, गाडी नीट लावलीय का बघायचं असतं, काहीतरी असतंच. आज त्याला उठता येत नव्हतं.

"सोन्या, पाय वाकवायचा नाही."

"माहितीय रे."

"उठायचं नाही."

"माहितीय. किती वेळा सांगतोस?"

"मग ऐक. तुला धमनी एकच आहे."

त्यानं छताकडे बघितलं. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं. दंडावरचा ब्लडप्रेशरचा पट्टा आपोआप फुगला, कुरकुरला आणि सुटला. यंत्रावरचा आकडा वर गेला.

"फुगेवाला बोलला?"

"तो कशाला बोलेल? मीच बघितलं."

"कधी?"

"सीटीच्या दिवशी."

"आणि इतके दिवस तू गप्प?"

"तू बराच जास्त काळ गप्प होतास. तुझ्यापुढे मी नवशिका."

मग तो छताशीच बोलावं तसं बोलायला लागला. "त्या बाई होत्या बघ, किडनी देणाऱ्यांशी बोलणाऱ्या. त्यांनी मला एकट्याला आत घेतलं, दार लावलं. म्हणाल्या, घरचे सगळे बाहेर आहेत, इथे फक्त तुम्ही आणि मी. मनापासून द्यायचीय का? नसेल तर आत्ता सांगा. आम्ही कारण विचारत नाही. बाहेर एवढंच सांगू की वैद्यकीय कारणानं जमत नाही. घरात कुणालाही कधी कळणार नाही. दादा, शपथेवर सांगतो, मी हो म्हणायलाच आत गेलो होतो."

"मग?"

"त्यांनी इतकं नीट विचारलं रे. मला आयुष्यात कुणी कुठलीही गोष्ट इतकी नीट विचारली नव्हती. मी नाही म्हणून बसलो."

नियम चांगला आहे. मी खात्यातला माणूस, चांगला नियम मला दिसला की कळतो. नातेवाइकांच्या नजरेला भिऊन कुणी स्वतःचं पोट कापून घेऊ नये म्हणून डॉक्टर मंडळी अशी वाट ठेवतात. माझ्या हातात असतं तर मीही हाच नियम केला असता. फक्त तो माझ्या भावासाठी आहे हे माझ्या लक्षात आलं नसतं.

"आणि तीन? तीन कुणी सांगितल्या?"

"त्यांनी नाही," सोन्या म्हणाला. "त्या म्हणाल्या, तपशिलात शिरू नका. पण नुसतं 'वैद्यकीय कारण' म्हटलं असतं तर तू सोडणार होतास का मला? तू इंजिनियर. खोदत बसला असतास. बाहेर बाकावर एक बाई कुणाला तरी सांगत होती, तिच्या दिराला तीन धमन्या निघाल्या म्हणून नाकारलं. तेच घेतलं."

म्हणजे त्यांनी याला पांघरूण दिलं होतं, आणि यानं त्याच्यावर वेलबुट्टी काढली होती. नुसत्या पांघरुणाखाली तो जन्मभर सुखात राहिला असता. 'वैद्यकीय कारण' कुठल्या चित्रात दिसत नाही. धमनी दिसते.

"नाही म्हणालास त्याचं मला काही नाही," मी म्हणालो.

"खरंच?"

"खरंच. भीती वाटली, नाही म्हणालास. तुझी किडनी होती. पण बाहेर येऊन तू माझ्या गळ्यात पडून रडलास, सोन्या. मी तुझी समजूत काढली. तुला पाणी पाजलं."

"ते रडणं खरं होतं दादा."

"असेल. रडणं तुझं, ते तू ठेव. मी तुला जे काही म्हणालो ना, ते मला परत हवंय."

त्याच्या डोळ्यांतून पाणी निघून कानांकडे गेलं. आडव्या माणसाला रडणंही सोयीचं नसतं. "मी सांगणार होतो रे," तो म्हणाला. "महिन्याभरातच सांगायला आलो होतो. तू झोपला होतास. वहिनी म्हणाली, नको."

"कोण म्हणालं?"

"वहिनी."

पट्टा पुन्हा फुगला. सिस्टरनं दारातून डोकावून आकडा बघितला आणि म्हणाली, "पेशंटशी जास्त बोलू नका." मी म्हणालो, "मी नाही, तेच बोलतायत."

मी बाहेर पॅसेजमध्ये आलो तर बायको समोरून येत होती. हातात थर्मास आणि माझी डायलिसिसची पिशवी, तिच्यात शाल, चष्मा, मोजून भरलेली पाण्याची बाटली. माझ्या चेहऱ्याकडे बघून ती थांबली. काय झालं, असं तिनं विचारलं नाही. तिथेच मला उत्तर मिळालं.

"भावजी बोलले," ती म्हणाली.

"हो."

तिनं थर्मास खिडकीच्या कठड्यावर ठेवला. "तुम्ही तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडून असायचात," ती म्हणाली. "ताट तसंच परत यायचं. यंत्राला जायला नको म्हणायचात. दिवसभरात एकच वाक्य बोलायचात, सोन्या माझ्यासाठी कापून द्यायला निघाला होता. तेवढं बोललात की दोन घास खायचात. किडनी तर गेलीच होती. म्हटलं, भाऊ तरी राहू दे."

हे बोलताना तिचा आवाज कापला नाही. बहुधा हे वाक्य तिनं स्वतःशी पुष्कळदा म्हणून बघितलं होतं.

"मी लोकांना चित्रं काढून दाखवायचो," मी म्हणालो.

"हो."

"तू पेन आणून द्यायचीस."

तिनं कठड्यावरच्या थर्मासचं झाकण उगाच आवळलं. मग म्हणाली, "तुम्ही मागायचात म्हणून."

"अडवायचं होतंस. काहीतरी सांगायचं, पेन सापडत नाही म्हणायचं."

"तुम्ही खूश असायचात अहो तेव्हा," ती म्हणाली. आता मात्र तिचा आवाज कापला.

मला काहीतरी बोलायचं होतं. दोघांनी मिळून माझ्याभोवती एक छान घर बांधलं होतं, त्यात मला आत ठेवलं होतं, आणि आत काय आहे हे बाहेरच्या दोघांनाच माहीत होतं. असलं काहीतरी. पण नीट जुळेना. शिवाय माझी वेळ झाली होती. डायलिसिसचं यंत्र कुणाच्या घरगुती कारणासाठी थांबत नाही.

सिस्टर बाहेर आली. "आतल्या पेशंटजवळ कुणीतरी बसा. पाय हलवतायत ते. तुम्ही भाऊ ना त्यांचे?"

"माझं डायलिसिस आहे," मी म्हणालो. "या बसतील."

बायकोनं पिशवी उचलली. "मी येते ना तुमच्याबरोबर खाली. त्यांच्या बायकोला वर बोलावू."

"तू बस. तुमचं दोघांचं बोलणं जुनं आहे," मी म्हणालो आणि पिशवी तिच्या हातातून घेतली. ती जिन्यापर्यंत मागे आली. मी वळलो नाही, त्यामुळे ती कुठे थांबली ते मला माहीत नाही.

खाली माझी खुर्ची तयार होती. टेक्निशियननं हातावर बोट ठेवून घरघर बघितली, तोंड वाकडं केलं आणि सुया घातल्या. रक्त नळीतून निघालं, यंत्रात गेलं, परत यायला लागलं. डावा हात आता काही तास माझा नव्हता. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. आत्याचा होता.

"कसा आहे रे माझा सोन्या?" आत्या ओरडूनच बोलते, फोनपर्यंत आवाज आपण पोचवायचा असतो असं तिला वाटतं. "झालं ना सगळं नीट?"

"झालं. मोकळी केली. जाळी बसवली."

"बिचारा! आधी तुझ्यासाठी जीव टाकला, आणि आता त्यालाच हे. कुठली रे बंद झाली होती? त्या तीनांतली?"

यंत्र गुरगुरत होतं. शेजारच्या खुर्चीवरच्या आजोबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. आत्याला सांगितलं की संध्याकाळच्या आत ते सगळ्या घराण्यात पोचतं. सोन्याचं सांगायला मला काही वाटलं नसतं. पण सोन्याचं सांगितलं की पुढचा प्रश्न येणार होता: तुला कुणी सांगितलं, आणि कुणाला माहीत होतं? आत्या हा प्रश्न कधी चुकवत नाही.

"दादा? ऐकतोयस ना? कुठली बंद होती?"

"मधली," मी म्हणालो.

"अरे देवा, मधलीच!" आत्या म्हणाली, आणि रडायला लागली. बराच वेळ रडली. फोन उजव्या हातात होता आणि डावा यंत्राला जोडलेला. फोन ठेवणं अवघड नव्हतं, पण मी तो कानाला तसाच धरून ऐकत राहिलो.